खर्ज कुठे हरवला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात स्पीकर विकणाऱ्या एका दालनात तुम्ही उभ्या स्पीकरच्या दोन जोड्या ऐकल्या, केईएफची आर११ मेटा आणि बोवर्स अँड विल्किन्सची ७०२ एस३. दोन्हींनी तुम्ही भारावलात. पंधरवड्याने जुळे सोलापुरात मित्राच्या घरी हीच आर११ ऐकायला मिळाली. तीच चीज (बंदिश) लावली, तर तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा सूर, गायब, डग्गा पोकळ, वरचे सूर मात्र कानात घुसणारे. आता कोणत्या दिवशीचं ऐकणं खरं धरू आणि घेऊ कोणते, असं तुम्ही विचारलंय. मित्राच्या खोलीची मापं दिलीत, तुमचीही खोली जवळजवळ तेवढीच आहे हेही सांगितलंत, हे फार बरं केलंत. नाहीतर लोक नुसतं मॉडेलचं नाव सांगतात आणि ‘कसा आहे?’ विचारतात. डॉक्टरांना फोनवर फक्त नाव सांगून तब्येत विचारल्यासारखं ते होतं.

दोन्ही दिवशीचं ऐकणं खरंच आहे. स्पीकर दोन्हीकडे तेच होते, खोल्या वेगळ्या होत्या, आणि साधारण २००-३०० हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या) खाली घरातल्या खोलीत स्पीकरपेक्षा खोलीचंच जास्त चालतं.

माझ्या सांगण्याचं वजन किती धरायचं ते तुम्हाला कळावं म्हणून आधी माझ्याबद्दल दोन शब्द. मी मांडवातल्या कर्ण्यांपासून सुरुवात केली. मग अँप्लिफायर दुरुस्ती, वूफरचे (खालचे सूर देणाऱ्या भागाचे) कोन, म्हणजे शंकूसारखे पडदे, बदलणं, आणि गेली पंधरा-सोळा वर्षं लोकांच्या घरी सिस्टिम लावून देणं. वडील सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर होते. शंभर डेसिबलच्या आसपासच्या खडखडाटात त्यांचं आयुष्य गेलं, साठीला आले तेव्हा घड्याळाची टिकटिक ऐकू येत नव्हती. पण वीस मागांच्या गोंगाटात कोणाचा धोटा अडखळतोय ते पाठ फिरवून सांगायचे. बारीक ऐकू येणं वेगळं आणि ऐकण्याची नजर वेगळी, हे तिथंच कळलं. माझं वय आता अठ्ठावन्न. ११ किलोहर्ट्झच्या पुढचं मला काही ऐकू येत नाही, त्यामुळे अमुक ट्वीटरची (वरचे सूर देणाऱ्या भागाची) ‘हवा’ ३० किलोहर्ट्झपर्यंत कशी जाते हे मला विचारू नका. खर्जाबद्दल मात्र विचारा.

मित्राची खोली १२ बाय १६ फूट, खाली शहाबादी फरशी, एका बाजूला मोठी काचेची खिडकी. सोफा पाठीमागच्या भिंतीपासून चार फूट सोडून ठेवलाय, कारण मागून स्वयंपाकघराकडे जायची वाट आहे. आणि कुठेतरी वाचून त्यांनी स्पीकरही समोरच्या भिंतीपासून चार फूट पुढे ओढलेत. तुम्ही लावलेली चीज पुरुष गायकाची, काळी एकमधली, म्हणजे संवादिनीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून गायलेली.

आता हिशोब करू. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरा (हा २० अंशांचा आकडा, आपल्याकडे मे महिन्यात बंद खोलीत ३५५ सुद्धा होईल, पण ते राहू दे). सोळा फूट म्हणजे ४.८८ मीटर. एवढ्या लांबीच्या दोन भिंतींमध्ये सर्वांत खालची लाट अडकते ती ३५ हर्ट्झची, आणि तिच्या दुप्पट, ७० हर्ट्झची, दुसरी. काळी एकचा मध्य षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झ. तंबोऱ्याची शेवटची, खर्जाची तार त्याच्या बरोबर एक सप्तक खाली, म्हणजे ६९.३. खोलीची दुसरी लाट आणि खर्जाची तार एकाच ठिकाणी आल्या. ही ७० ची लाट भिंतींपाशी आणि खोलीच्या मधोमध जोरात असते, आणि दोन जागी तिचा दाब जवळजवळ शून्य होतो. त्या जागा कोणत्या? लांबीच्या पाव आणि पाऊण अंतरावर. सोळा फुटांच्या खोलीत दोन्ही भिंतींपासून चार-चार फुटांवर. एका जागी मित्राचा सोफा, दुसऱ्या जागी स्पीकर. ज्या जागी लाटेला दाबच नाही, तिथे ठेवलेला स्पीकर तिला नीट उठवू शकत नाही, आणि तिथे बसलेला माणूस ती नीट ऐकू शकत नाही. मित्राने न कळत खर्जाला दोन्हीकडून कुलूप लावलं.

खात्री करायची असेल तर नुसता तंबोरा लावा आणि सोफ्यावरून उठून पाठीमागच्या भिंतीला टेकून उभे राहा. जो काही खर्ज उठतोय तो तिथे जास्त ऐकू येईल.

त्याच खोलीत बाईंचं गाणं लावलं असतं तर कदाचित तुम्ही तक्रारच केली नसती. काळी चारचा खर्ज १०४ च्या आसपास, तो त्या खड्ड्यात पडत नाही. म्हणजे एकच स्पीकर, एकच खोली, एकच सोफा, आणि गायक बदलला की ‘स्पीकर कसा आहे’चं उत्तर बदलतं. लोक ऐकण्याचे अनुभव लिहितात तेव्हा यातलं काहीच लिहीत नाहीत. ‘बेस कोरडा आणि नेमका’ किंवा ‘बेस भरघोस’ एवढंच. त्यांची खुर्ची कुठे होती, हे कोण सांगणार?

उपाय फुकटचा आहे. सोफा पाठीमागच्या भिंतीपासून सहा फुटांवर आणा. तिथे ७० ची लाट पूर्ण जोरातही नाही आणि मेलेलीही नाही, दोन्हींच्या मध्ये आहे. स्पीकर समोरच्या भिंतीपासून अडीच-तीन फुटांवर घ्या. भिंतीवरून परत येणारा आवाज थेट आवाजाला कुठेतरी कापणारच, चार फुटांवर तो ७० ला कापत होता, तीन फुटांवर ९४ ला कापेल, अडीचवर ११३ ला. खड्डा जात नाही, सरकतो. आपण फक्त तो षड्जाच्या आणि खर्जाच्या वाटेतून बाजूला सारायचा. एक काळजी घ्या, बाजूच्या भिंतीपासूनचं अंतर मागच्या भिंतीइतकंच ठेवू नका, नाहीतर दोन खड्डे एकावर एक पडतात.

कानात घुसणाऱ्या वरच्या सुरांचं कारण साधं आहे, फरशी आणि काच. यावर सोलापूरकराला बाहेर शोधायची गरज नाही. स्पीकर आणि सोफा यांच्या मधल्या फरशीवर जाड सतरंजी, खिडकीला जड पडदा. बाजूच्या भिंतीवर कोणाला तरी आरसा सरकवत न्यायला सांगा, सोफ्यावरून आरशात स्पीकर दिसला की तीच पहिल्या परावर्तनाची जागा. तिथे आपली चादर टांगा. भिंतीला चिकटवून नको, तीन-चार इंच सोडून आणि दोन पदरी. चाटी गल्लीतली जाड जॅकार्ड चादर नक्षीमुळे दिसतेही बरी, घरचे कुरकुरत नाहीत. पण चादरीचा उपयोग वरच्या सुरांना. ७० हर्ट्झची लाट जवळपास पाच मीटर लांब असते, तिच्यासमोर टॉवेलचं आख्खं गोदाम रचलं तरी ती ढिम्म. मला एकदा एका टॉवेल कारखानदाराने ते रचूनही दाखवलं होतं. खोलीतला घुमारा तसाच राहिला, बोलण्याचा आवाज मात्र कापसात गुंडाळल्यासारखा झाला.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे, कोणता चांगला. मी कुठलाही स्पीकर आधी तंबोऱ्यावर ऐकतो. गाणं नाही, तबला नाही, नुसता तंबोरा, दहा मिनिटं. याला कारणं आहेत. तंबोरा थांबत नाही, त्यामुळे खोलीत फिरून कुठे काय होतंय ते शांतपणे पाहता येतं. त्याच्या खर्जात खालची सगळी बाजू कळते. आणि जवारी! घोडीवर तार निसटती घासते, मध्ये दोरा असतो, त्यातून वरच्या स्वरांशांची जी झालर उठते ती काही हजार हर्ट्झपर्यंत जाते. एकाच छेडण्यात वूफर, मिड (मधल्या सुरांचा भाग) आणि ट्वीटर तिघांनाही काम लागतं. तिघांचं जमत असेल तर एक भोपळा, एक दांडी, एक वाद्य ऐकू येतं. नसेल जमत तर खाली कुठेतरी गुणगुण आणि वर वेगळीच चरचर, जणू दोन माणसं दोन वाद्यं घेऊन बसलीत. आपल्या शेजारी मिरज आहे, तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जमलं तर एकदा तिथे कारागिरासमोर बसून जवारी काढताना ऐका. मग दालनात कोणी ‘ट्वीटर बघा किती डिटेल’ म्हणालं तर तुम्हाला ठरवता येईल की तो डिटेल आहे की नुसती चरचर.

तंबोऱ्यानंतर तबला. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की शाईमुळे (पुडीवरच्या काळ्या गोलामुळे) तबल्याचे उपस्वर पूर्णांकी पटीत येतात, म्हणून इतर चर्मवाद्यांसारखा तो नुसता धपधपत नाही, सुरात लागतो. स्पीकरने त्या पटी बिघडवल्या नाहीत तर चाटेवरचा (पुडीच्या कडेवरचा) ‘ना’ आणि शाईजवळचा ‘तिं’ एकाच पुडीतून आलेले वाटतात. डग्ग्यावर मनगट सरकतं तेव्हा सूर वर चढतो, ती घसीट अखंड आली पाहिजे. मध्ये एखादी पायरी जोरात, एखादी गायब असं झालं तर समजा खोली बोलतेय. मग सुंद्री. आपल्या सोलापूरच्या जाधव घराण्याने हे सनईचं धाकटं भावंड देशभर नेलं. सुंद्री चुकीच्या ट्वीटरवर लावली तर दुसऱ्या मिनिटाला दाताला शिवशिवी येते. खरी समोर वाजते तेव्हा ती तीक्ष्ण असते, पण बोचत नाही. हा फरक कागदावरच्या आलेखात मला अजून दिसलेला नाही, कानाला लगेच दिसतो.

शेवटी जुनं, एकपदरी, मोनो ध्वनिमुद्रण. १९२५ च्या आधीची कर्ण्यात गाऊन कापलेली तबकडी असेल तर खालचे आणि वरचे सूर त्यात जवळजवळ नाहीतच, फक्त गळा आहे. दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, एका नारळाएवढ्या जागेतून तो गळा आला पाहिजे. पसरून आला तर दोन स्पीकर एकमेकांशी जुळलेले नाहीत, किंवा एकाच्या शेजारी काच आणि दुसऱ्याच्या शेजारी पडदा आहे. नारळाची ही परीक्षा दोन मिनिटांची. दालनात कोणी करत नाही, कारण तिथे भव्य काहीतरी ऐकवायचं असतं.

शब्दांचं एक मला नेहमी खटकतं. आपली मंडळी ऐकण्याबद्दल लिहायला बसली की परदेशी मासिकातले शब्द उचलतात, ‘वॉर्म’, ‘एअरी’, ‘ट्रान्स्परंट’. ‘वॉर्म’ म्हणजे नेमकं काय? सोलापुरात उबदार कोणाला हवंय! आपल्याकडे शतकानुशतकं गाणं ऐकणाऱ्यांनी घडवलेले शब्द आहेत. सुराची आस टिकते का, मध्येच तुटते का. गळ्याला गाज आहे का. आवाज खुला आहे, दाबलेला आहे की नाकातला. डग्ग्याला घुमारा आहे की तो नुसता ढब्ब वाजतो. जवारी खुली की बंद. हे शब्द वापरून पाहा, तुमचा तुम्हालाच फरक जास्त स्पष्ट कळेल, कारण प्रत्येक शब्दामागे तुम्ही ऐकलेला एखादा खरा आवाज आहे.

तर आर११. याच जातीचे स्पीकर मी तीन घरांत लावलेत. केईएफची युनि-क्यू ही युक्ती १९८८ पासूनची. ट्वीटर वेगळा वर न बसवता मिडच्या गळ्यात, मध्यभागी बसवलेला. मेटामध्ये त्या ट्वीटरच्या पाठीमागे एक चक्रव्यूहासारखी चकती आहे, मागे जाणारा आवाज ती गिळते. आर११ ला युनि-क्यूच्या वर दोन आणि खाली दोन असे साडेसहा इंची चार वूफर आहेत, म्हणजे सगळा आवाज एका मध्यातून निघाल्यासारखा होतो. कानाला याचा अर्थ असा की तंबोरा एका जागी बसतो. तुम्ही सोफ्याच्या कडेला सरका, उभे राहा, गळ्याचा पोत बदलत नाही. गायक मान वळवून तंबोऱ्याकडे बघतो तेव्हा आवाज किंचित बाजूला जातो, तेही कळतं. उणं म्हणाल तर सुंद्री आणि झांज जरा सभ्य होऊन येतात. भजनातल्या टाळांची ती धारदार लखलख थोडी मवाळ वाटते. मला ते चालतं, एका भजनी मंडळाच्या बुवांना अजिबात चाललं नाही, त्यांनी जोडी ऐकून सरळ ‘टाळ भिजलेत’ म्हणून सांगितलं.

७०२ चा स्वभाव वेगळा. ट्वीटर पेटीच्या डोक्यावर स्वतंत्र घरट्यात, त्यामुळे आवाज पेटीला चिकटून राहत नाही. डोळे मिटले की स्पीकर नाहीसे होतात, हे इथे जास्त सहज घडतं. संवादिनीच्या भात्याचा श्वास, गायकाने ओठ उघडल्याचा बारीक आवाज, तार षड्जावरची थरथर, सगळं समोर मांडून ठेवतो. गळा किंचित उंचावर, रंगमंचावर बसल्यासारखा वाटतो. हे पहिल्या पाच मिनिटांत फार मोहवतं. पण ‘स’ आणि ‘श’ टोकदार करून ध्वनिमुद्रित केलेल्या अलीकडच्या गाण्यांवर, शहाबादीच्या उघड्या खोलीत, मला चाळिसाव्या मिनिटाला आवाज कमी करावासा वाटला. चादर-सतरंजी झाल्यावर ही तक्रार बरीच गेली, पूर्ण नाही.

एक गोष्ट मात्र परदेशी परीक्षणांत सापडणार नाही. आपल्यातले बरेच जण बैठकीवर ऐकतात, गादी, लोड, मांडी घालून. उभ्या स्पीकरचा ट्वीटर साधारण ९० ते ११० सेंटिमीटर उंचीवर असतो, तो खुर्चीवर बसलेल्या माणसाचा कान धरून. गादीवर बसलात की कान ७५-८० वर येतो. ट्वीटर आणि मिड वेगवेगळ्या उंचीवर असले की खालून ऐकताना दोघांच्या जोडावरचे सूर एकमेकांना खातात, नेमका तिथेच गळ्याचा तजेला असतो. युनि-क्यूसारख्या एककेंद्री रचनेत हे नुकसान खूप कमी. तुम्ही फोटोत भारतीय बैठक दाखवलीत म्हणून हे आवर्जून सांगतो. दालनातल्या खुर्चीवर बसून घेतलेला निर्णय गादीवर चुकू शकतो. ७०२ च घ्यायचे ठरलं तर पेटीच्या तळाचे मागचे खिळे थोडे उंच करून ती पुढे झुकवा आणि गादीवर बसून पुन्हा ऐका.

याच्या वरच्या पायरीचंही थोडं सांगतो, घ्यायला नव्हे, तुलनेला. बोवर्सच्या ८०१ डी४ ची एकेक पेटी जवळपास १०० किलोची, ट्वीटरचा घुमट हिऱ्याचा. एका बंगल्यात ती चढवताना आम्ही सहा जण होतो आणि जिन्याचा कठडा आधी काढावा लागला. डग्ग्यावर तळहात घासल्याचा जो कोरडा स्पर्श त्यातून आला तो मी परत कुठे ऐकला नाही. पण ती खोली वीस बाय तीस होती. १२ बाय १६ मध्ये तो स्पीकर म्हणजे चौकात उभा केलेला हत्ती. उलट टोकाला क्लिप्शचा ला स्काला, भोंग्याचा, पॉल क्लिप्श यांची १९४६ पासून चालत आलेली विद्या. त्याची संवेदनशीलता (एका वॉटमध्ये एका मीटरवर किती आवाज) १०५ डेसिबल सांगतात, दोन-चार वॉटमध्ये घर हलवतो. तबल्याची थाप अशी अंगावर येते की दचकायला होतं. पन्नास हर्ट्झच्या खाली त्याला फारसं जमत नाही, पण तंबोऱ्याला त्याखाली काही लागतही नाही. माझ्यासारख्या मांडववाल्याला तो आवडणारच, त्यामुळे या बाबतीत माझं मत अर्ध्याने कमी करून घ्या.

दालनातल्या ऐकण्याबद्दल दोन सावधगिरी. पहिली, आवाजाची पातळी. दोन जोड्यांत एक डेसिबलचाही फरक असला तर मोठी असलेली जोडी ‘जास्त मोकळी’ वाटते. फोनवरच्या डेसिबल मोजणाऱ्या अ‍ॅपने दोन्ही सारख्या करून घ्या, विक्रेत्याला वाईट वाटलं तरी चालेल. आणि घरी ज्या पातळीवर ऐकता तेवढाच ठेवा. पातळी उतरली की कानाला खालचे सूर आधी कमी ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच ते मोजून ठेवलंय. पुण्यात भरपूर आवाजावर ऐकलेला खर्ज घरी रात्री अकरानंतर निम्म्याने जाणवला, तर त्यात स्पीकरचा दोष नाही.

दुसरी सावधगिरी डोळ्यांची. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये दाखवलं की स्पीकर दिसत असताना आणि पडद्याआड असताना तेच श्रोते वेगवेगळे गुण देतात. मी स्वतः एकदा पातळ मलमलच्या धोतराचा पडदा लावून चार गिऱ्हाइकांना दोन जोड्या ऐकवल्या. चौघांपैकी तिघांनी स्वस्त जोडी निवडली. पडदा काढल्यावर त्यातल्या दोघांनी मत बदललं, आणि एकाने धोतरामुळे महाग जोडीचा आवाज अडला असेल असं गंभीरपणे सांगितलं. त्यांनी महागडीच नेली. धंदा झाला, मी काय बोलणार.

अँप्लिफायरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण घोटाळा तिथेच होतो. दोन्ही स्पीकरची संवेदनशीलता ९० डेसिबलच्या आसपास. दहा फुटांवर बसलात तरी एका वॉटमध्ये घरात पुरेसा आवाज होतो, दोन स्पीकर आणि खोली मिळून ८४-८५ डेसिबलपर्यंत जातो. मग शंभर वॉट कशाला? तबल्याची थाप सरासरीपेक्षा वीस डेसिबल वर उडते म्हणून, आणि वीस डेसिबल म्हणजे शंभरपट ताकद. शिवाय दोन्ही जोड्यांचा विद्युत अवरोध काही सुरांवर तीन ओमच्या आसपास उतरतो, तिथे स्वस्त रिसीव्हर धापा टाकतो आणि डग्गा सैल होतो. तीन-चार ओमवर न डगमगणारा, शंभर-दीडशे वॉटचा साधा स्टिरिओ अँप्लिफायर घ्या. क्लास ए नको. सतत तापणारं यंत्र मे महिन्यात बेचाळीस अंशांत बंद खोलीत लावायचं, वर पंखा लावून त्याच्या घरघरीत तंबोरा ऐकायचा, याला काय अर्थ आहे. व्होल्टेज वरखाली होत असेल तर चांगला स्टॅबिलायझर आधी. तारांवर हजारोंनी खर्च करू नका, जाड तांब्याची वायर पुरते.

वापरलेली जोडी मिळत असेल तर कोनाच्या कडेला बोटाने हलकेच दाबून पाहा. रबराची कड असेल तर ठीक. जुनी फोमची असेल तर दहा-पंधरा वर्षांत ती भुगा होते, आपल्या उष्णतेत मी त्याआधीही झालेली पाहिली आहे. आणि घरात लहान मूल असेल तर जाळी काढू नका. दुरुस्तीला येणाऱ्या दबलेल्या घुमटांवर बहुतेकदा एकाच मापाचा खळगा असतो, अंगठ्याएवढा.

माझं उत्तर असं. तुम्ही मुख्यतः ख्याल आणि नाट्यगीतं ऐकता, बैठकीवर बसता, खोली १२ बाय १६ आहे. मी असतो तर केईएफकडे गेलो असतो, पण आर११ नको. या खोलीला चार वूफर जड जातील. त्याच घराण्यातला आर७ मेटा ऐका, युनि-क्यू तोच, वूफर दोन. उरलेल्या पैशात अँप्लिफायर येईल. टाळ-झांजा, वाद्यवृंद, सिनेमाची गाणी जास्त ऐकत असाल आणि खुर्चीवर बसत असाल तर ७०२ चा विचार करा, मात्र चादरी आधी टांगा.

पैसे देण्याआधी एक कराच. रविवारी मित्राकडे जा, सोफा दोन फूट पुढे ओढा, स्पीकर फूट-दीड फूट मागे घ्या आणि तीच काळी एकमधली चीज पुन्हा लावा. खर्ज परत येतोय तिथे सोफ्याच्या पायांभोवती फरशीवर खडूने खुणा करून ठेवा. संध्याकाळी सोफा खोलीच्या मध्येच आला म्हणून वहिनी तो नक्की मागे ढकलणार आहेत.